बेरीजबाईंची चूक

बेरीजबाईंनी पाचव्यांदा बेरीज केली. पाचव्यांदाही एकाहत्तरच आले.

समोर चाळीस वर्षांपूर्वीच्या विजेत्याचं, लंबूचं, कार्ड होतं. अठरा होलना लागलेल्या फटक्यांचे अठरा आकडे, नेहमीप्रमाणे सोबत खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यानं लिहिलेले, कारण गोल्फमध्ये आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं. खाली खेळाडूची सही. आणि बेरजेच्या चौकटीत बाईंच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात ठसठशीत ‘सत्तर’. देशाच्या खुल्या स्पर्धेत सव्वीस वर्षं त्यांनी असल्या बेरजा केल्या होत्या. एका आकड्याची कधी चूक नाही, म्हणून तर हे नाव पडलं होतं. आता स्पर्धेला शंभर वर्षं होत होती आणि तिचा इतिहास लिहायचं काम क्लबनं त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं.

या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. त्या वर्षी शेवटच्या दिवशी लंबू आणि मास्तर बरोबरीनं मैदानात उतरले आणि एकाच जोडीत खेळले. मास्तरांचे एकाहत्तर झाले. लंबूचे सत्तर जाहीर झाले आणि करंडक त्याच्या हातात गेला. बाईंनी एकाहत्तर लिहिले असते, तर बरोबरी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी दोघांत पुन्हा सामना झाला असता. लंबू पुढे आणखी दोनदा जिंकला, नावाजला, आणि तीन वर्षांपूर्वी गेला. मास्तर पहिल्या दहांतही पुन्हा कधी दिसले नाहीत. हरल्यावर सगळ्यांत आधी लंबूचा हात हातात घेणारा दिलदार माणूस, एवढीच त्यांची ख्याती उरली.

ती दुपार बाईंना लख्ख आठवत होती. कार्ड देताना लंबू म्हणाला होता, “सत्तर झाले ना, बाई?” खिडकीबाहेर लोक आकड्यासाठी ताटकळले होते. बाईंनी आकड्यांवरून पेन्सिल फिरवली आणि सत्तर लिहून मोकळ्या झाल्या. म्हणजे त्यानं भुलवलं आणि आपण भुललो. गेलेल्या माणसाचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

“कशाला जुनी मढी उकरताय?” क्लबचे चिटणीस म्हणाले. “ते कार्ड डब्यात घाला आणि डबा माळ्यावर टाका. एक गेला, दुसऱ्यानं पंचाहत्तरी ओलांडली.”

“म्हणूनच घाई आहे,” बाई म्हणाल्या आणि कार्ड पर्समध्ये टाकून निघाल्या.

मास्तर सरावाच्या मैदानाशेजारच्या खोलीत काठ्या पुसत बसले होते. अजूनही सकाळी चार जणांना ते शिकवत. त्यांनी एकुलती एक खुर्ची बाईंकडे सरकवली आणि स्वतः खोक्यावर बसले. बाईंनी वाटेत घोकून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

“मास्तर, तुमचं आयुष्य माझ्या एका आकड्यानं नासलं. तुम्ही हरला नव्हतात, बरोबरी होती. बेरीज क्लबची जबाबदारी असते, ती चुकली तर कधीही दुरुस्त करता येते. मी पुस्तकात लिहिणार आहे. करंडकावर तुमचंही नाव कोरून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.”

मास्तरांनी चष्मा शोधला. कार्ड खिडकीजवळ नेलं. खालच्या बेरजेकडे त्यांनी पाहिलंच नाही. मधल्या एका आकड्यावर बोट ठेवून ते उभे राहिले. बाईंना वाटलं, म्हातारा आता रडतो की काय.

“सत्तर जाहीर झाले तेव्हा,” मास्तर म्हणाले, “मला वाटलं, पकडला गेलो.”

“तुम्ही? कशात?”

“हा चौदावा होल. चेंडू झाडीत गेला होता, तिथं आम्ही दोघंच होतो. त्याला चार फटके लागले. मी पाच लिहिले.”

बाईंनी एकाहत्तरातून एक वजा केला. लंबूनं आपले फटके बरोबर मोजले होते. सत्तर म्हणजे सत्तरच.

“चुकून लिहिले असतील,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“त्यानं तपासलं नाही?”

“मी कार्ड पुढं केलं. म्हणाला, तू लिहिलंयस ना, मग काय बघायचं. आणि सही केली.” मास्तर परत खोक्यावर बसले. “तुमच्या खोलीत काय झालं ते मला कळेना. फळ्यावर सत्तर लागले, पण मला जाब विचारायला कुणीच आलं नाही. मग मी जाऊन त्याचा हात धरला. लोक मला दिलदार म्हणाले.”

बाहेर कुणीतरी चेंडू मारला. बाईंनी कार्ड परत घेतलं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं. त्यांना नियम पाठ होता, आणि तो न सांगता राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“मास्तर, नियमानं सही केलेलाच आकडा धरतात. पाच म्हणजे पाच. लंबू आता नाही, दुसरं कुणी पाहिलेलं नाही. आत्ता तुम्ही गप्प बसला असतात, तर करंडकावर नाव आलं असतं.”

“हो ना,” मास्तर म्हणाले. त्यांनी पुसलेली काठी पुन्हा पुसायला घेतली. “तेव्हा तुम्ही चुकला नसतात, बाई, तर मी कदाचित जिंकलोही असतो.”