अकरा मासे

टेम्पोत चढण्याआधी अंबादासने अकरा पिशव्या पुन्हा एकदा तपासल्या. प्रत्येकीत एक मासा, अर्धी पिशवी समुद्राचं पाणी आणि वर गॅस-वेल्डिंगच्या सिलिंडरमधून भरलेला ऑक्सिजन. मढच्या कोळ्यांकडून आणलेले पाण्याचे वीस कॅन मागे रचले होते. रिकामी काचेची टाकी गोधड्यांत गुंडाळली होती. त्यातली एक गोधडी त्याच्या घरची.

अंबादास काम करायचा तो मरोळचा कारखाना चार महिने बंद होता. जयंतीशेठने टाळं ठोकलं आणि कामगार गेट अडवून बसले. आतल्या मशिनी बाहेर गेल्या की नोकऱ्या गेल्या, एवढं सगळ्यांना कळत होतं. अंबादास त्यांचा पुढारी. त्याने शेठचा एकही ट्रक त्या गेटातून जाऊ दिला नव्हता.

पण मासे वेगळे. नऊ वर्षांपूर्वी शेठच्या केबिनमधल्या टाकीचा पंप बिघडला, तो लेथवर काम करणाऱ्या अंबादासने दुरुस्त केला आणि तेव्हापासून मासे त्याच्याच अंगावर पडले. जालन्याकडच्या कोरड्या गावात वाढलेला माणूस, पण जिभेवर थेंब ठेवून पाण्याचा खारेपणा सांगू लागला. टाळेबंदीतही शेठचा वॉचमन रोज सकाळी त्याला एकट्याला आत सोडी. माशांना खायला घालून तो परत गेटवर येऊन बसे.

मग शेठने बोलावलं. मासे नाशिकच्या बंगल्यावर न्यायचे होते, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ते जगणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. ते खायला लागेपर्यंत तिथेच थांब, सोमवारी मी बोलणीला बसतो, असा शब्दही त्याने दिला.

अंबादासने गेटवर सगळ्यांना विचारलं. सीताराम, शेजारच्या लेथवरचा त्याचा दोस्त, म्हणाला की जा, चार महिन्यांत शेठ पहिल्यांदा नमतोय. घरी बायको, चंपा, एवढंच बोलली, की इथे पोरांना दूध नाही आणि तुम्ही माशांना हवा भरताय.

कसारा घाटात टेम्पोचं इंजिन तापलं. तासभर उन्हात उभं राहावं लागलं. अंबादासने पिशव्या उतरवून टेम्पोच्या सावलीत मांडल्या, वर ओली पोती टाकली. एका पिशवीला भोक पडलं होतं. त्यावर दाबलेला अंगठा त्याने इगतपुरी येईपर्यंत काढला नाही.

बंगला एकटाच होता. चहूकडे द्राक्षांचे मळे, राखायला एक म्हातारा माळी. अंबादासने टाकी लावली, पाणी भरलं, पिशव्या तरंगत ठेवून मासे हळूहळू सोडले. सगळे तळाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही कुणी तोंड उघडलं नाही. तोही जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत लहान, नारिंगी मासा वर आला आणि त्याच्या बोटांतला कोलंबीचा तुकडा ओढून घेऊन गेला. मागोमाग बाकीचे. अंबादासने दोनदा मोजले. डोळे पुसले आणि तडक पोस्टात जाऊन गेटसमोरच्या हॉटेलात ट्रंक कॉल लावला. हॉटेलवाल्याने सीतारामला बोलावलं.

"अकराच्या अकरा जगले," अंबादास म्हणाला. "शेठला आता बोलणीला बसावंच लागेल."

"आता कसली बोलणी रे?" सीताराम खुशीत होता. "काल शेठ स्वतः गेटवर आला. सगळं सांगितलं त्याने. नाशिकला नवा कारखाना, सगळ्यांना काम, राहायला खोल्या, आणि तू पुढे जाऊन शेड बघतोयस. माशांचं फक्त निमित्त होतं म्हणाला. तुझं नाव ऐकलं आणि आम्हीच खांदा लावून मशिनी ट्रकात चढवल्या. एक राहिली नाही."

अंबादासने पोस्टाच्या दारातून बाहेर पाहिलं; चहूकडे नुसते द्राक्षांचे मळे.

"ते जाऊ दे," सीताराम म्हणाला. "आमच्या खोल्या कारखान्यापासून किती लांब आहेत, ते सांग. बायका विचारतायत."