ढगळ शर्ट

लबक शहरातल्या बंदुकांच्या दुकानात शेल्बी आरशासमोर उभी होती. दुकानदाराने दिलेलं रिकामं पिस्तूल तिने होल्स्टरसकट, म्हणजे कातडी म्यानासकट, जीन्सच्या आत खोचून पाहिलं. खाली बसलं की ते पोटात रुतत होतं, आणि तंग शर्टातून पिस्तुलाची मूठ उठून दिसत होती. तेवढ्यात आरशात ट्विला दिसली, शेल्बीच्या आधीच्या नवऱ्याची आई. "माझ्या पोराला गोळी घालणार वाटतं, अवदसे?" "तुमच्या पोराने माझा जबडा मोडला, विसरलात?" "तूच धाडलंस त्याला तुरुंगात. तोंडही बघायचं नाही मला तुझं." शेल्बी निघाली, पण म्हातारी वाटेतून हटेना. तिने शेजारी टांगलेल्या कपड्यांतला एक ढगळ, चौकडीचा शर्ट ओढला आणि शेल्बीच्या अंगावर फेकला. तशी ट्विलाची बाही सरकली, तिच्या मनगटावर ताजे काळेनिळे वळ दिसले. "हा घाल. यात काही दिसणार नाही. काल सुटलाय तो. तुझा पत्ता मागत होता. मी नाही दिला."