निरोपाची शाल

संयोजकांनी शेषेरावांच्या हातात शाल दिली आणि म्हणाले, "काका, नाव पुकारलं की वर या. सरांना शाल तुमच्याच हातची."

नांदेडच्या त्या कॉलेजच्या मैदानावर एका टोकाला मांडव घातला होता. मुलींच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक पंचाक्षरी सर यांचा निरोप समारंभ होता. सरांनी तब्येतीमुळे राजीनामा दिला, असं निमंत्रणात म्हटलं होतं. खरं कारण मैदानात चरणाऱ्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. संघाची गोलरक्षक ऋतुजा हिनं प्राचार्यांकडे तक्रार केली होती. सराव संपला की सर एकटीला खोलीवर बोलावतात, गेलं नाही तर संघाबाहेर बसवतात. चौकशी लागली, आणि ती सुरू व्हायच्या आत राजीनामा आला.

आपल्याकडे कुणीही कुठूनही निघालं की त्याला फेटा बांधतात, त्याचं काही नाही. पण ही शाल सरांच्या खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, की सर मानानं गेले आणि पोर खोटी ठरली. शेषेरावांना हे कळत होतं. तरी ते आले होते.

कारण सरांवर त्यांचा जीव होता. नायगावात त्यांचं चपलांचं दुकान. सामना असला की दुकानाला कुलूप. तुळजाबाई नवऱ्याला म्हणायच्या, "माझ्याशी कशाला लगीन केलं? त्या सरांकडंच राहायचं की." चप्पल घालूनही कधी धड न पळालेल्या खेड्यातल्या पोरींना सरांनी विद्यापीठाचा चषक जिंकून दिला, तेव्हा शेषेराव याच मैदानावर ढसाढसा रडले होते. असा माणूस असं करेल हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

शाल घेऊन ते मांडवामागं गेले. सर एकटेच उभे होते. फेटा बांधून झाला होता.

"सर, एकच विचारतो. ती पोर खोटं बोलून राहिली का?"

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. "शेषेराव, आज तो विषय नको."

"नुसतं हाव म्हणा. म्या डोळे झाकून शाल घालतो. तुमच्यासाठी अख्ख्या गावाशी भांडतो."

ते खरंच वाट पाहत होते. तेवढा एक शब्द त्यांना हवा होता. देवाशपथ, त्यांनी तो मानला असता.

"राजीनामा दिला ना आता?" फेट्याचा शेव सारखा करत सर म्हणाले. "अजून काय पाहिजे तिला?"

शेषेरावांचं अंग तापलं. एवढ्या वर्षांत या माणसाचा राग त्यांना पहिल्यांदाच आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. त्यांनी शाल बाजूच्या खुर्चीवर ठेवली, वळले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं चालू लागले.

तिकडं ऋतुजा आणि तिची मैत्रीण सुमय्या, दोघीच सराव करत होत्या. बाकीच्या पोरी मांडवात बसल्या होत्या, म्हणजे बसवल्या होत्या. लातूरचा सामना तोंडावर आला होता. शेषेरावांना येताना पाहून ऋतुजा गोलात दोन पावलं मागं सरली.

"काका, तुमी तर शाल घालणार होता ना?"

"हाव, घालणार होतो. आता न्हाई घालणार."

"सगळे म्हणून राहिले, माझ्यामुळं संघ मोडला."

"कुटं मोडलाय?" शेषेराव जवळजवळ खेकसलेच. "लातूरला कधी निघायचं तेवढं सांग. म्या बी येणार हाय."

ऋतुजानं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा गोलाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

शेषेराव जाळीमागं गेले. आजवरचा एकही सामना त्यांनी इथून पाहिला नव्हता. सरांच्या बाकामागची जागा त्यांनी कधी सोडली नव्हती. "मार गं सुमय्या," ते म्हणाले. "जोरात मार. लातूरच्या पोरी काय हळू मारणार हायत?"

तेवढ्यात मांडवातला माइक खरखरला. "सरांचे सर्वांत जुने चाहते, नायगावचे शेषेराव यांना विनंती, त्यांनी मंचावर यावं. शेषेराव, कुठं आहात आपण?"

मांडवातली डोकी इकडंतिकडं वळली. मंचावर सरही उभे राहून शोधू लागले.

शेषेरावांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "हितं हाय म्या! ऋतुजापाशी!"