गौरीपुढचे कप

धाकटी जाऊ रंभाबाई दरवर्षी गौरीपुढं तिच्या लेकाचे, हिंदुरावाचे चांदीचे कप मांडते. कालेजात असताना तो युनिव्हर्सिटीच्या शर्यतीत पहिला यायचा, म्हणून सगळी आळी हळदीकुंकवाला तिच्याकडंच लोटते. कपातनं का गौर जेवते? माझा कोंडीबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात घण मारतो, त्याला कोण कप देतंय. यंदा मी घरातले सगळे पितळी तांबे चिंचेनं घासून गौरीपुढं रचले आणि जावेला मुद्दाम आधी बोलावलं.

ती आली, पण माझ्या तांब्यांकडं तिनं बघितलंच नाही. पाटावर पुरणपोळी खात बसलेल्या कोंडीबाला म्हणाली,

"सकाळच्या गाडीनं आलास व्हय रं? आमचा एवढा पळणारा, पर तीन वर्सं झाली, गौरीला काय घरी पोचला न्हाय."