खोबण

खारूताई आत गेली आणि मांडून ठेवलेल्या एकाही वस्तूकडे न बघता थेट डावीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून बसली.

"अगं, गादी इकडे आहे," तिची मोठी बहीण, ताई, उंबऱ्याबाहेरून हळूच म्हणाली. धाकटीला घरी सगळे खारूताईच म्हणत. गादी, जाड पडदे, मण्यांची पेटी, सगळं ताईने आणि तिच्या नववीच्या वर्गातल्या चौघांनी जमवलं होतं. शिक्षक त्यांना 'वटवट मंडळ' म्हणत. सहा महिने अर्जावर अर्ज करून मंडळाने मुख्याध्यापिकाबाईंच्या नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी जिन्याखालची ही बंद खोली मिळाली. अट एकच. सात वर्षांच्या, न बोलणाऱ्या खारूताईने आज इथे तासभर शांत बसून दाखवायचं. जमलं तर खोली राहील आणि तिला शाळेत प्रवेशही मिळेल. नाही जमलं तर दोन्ही विसरायचं.

खारूताई नखाने भिंत खरवडू लागली.

"झालं!" संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "काल रंग, आज पोपडे."

"जरा थांबा ना, सर. जागा नवीन आहे तिला." ताई म्हणाली. "कुठे काय ठेवायचं ते आम्ही सगळ्यांना विचारून केलंय."

"हिला विचारलंत?" मागे उभ्या असलेल्या शिपाई मावशींनी विचारलं.

ताईने खारूताईकडे पाहिलं.

खारूताई एकाच ठिकाणी खरवडत होती. फिकट हिरवा रंग पुट्टीसकट गळून पडला आणि खालून हातभर लांब, आडवी खोबण उघडी पडली. भिंतीचा तडा समजून ताईनेच ती परवा पुट्टी भरून बुजवली होती. पण तडा इतका गुळगुळीत नसतो. खारूताईने खोबणीत बोट ठेवलं आणि ते इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवू लागली. बोट नेमकं बसत होतं. सकाळपासून ताठलेले तिचे खांदे सैल पडले.

"अशी खोबण पडायला किती दिवस लागत असतील?" मंडळातलं कोणीतरी पुटपुटलं.

"वर्ष," मावशी म्हणाल्या. "रोज दोन तास. तिचं बोटही एवढंच होतं."

"कोणाचं?"

"होती एक. बोलायची नाही. वर्गात त्रास देते म्हणून या आपल्या बाईच तिला इथे पाठवायच्या. बाई तेव्हा नव्या होत्या. कडी मी लावायचे."

"मावशी, जुनं कशाला उकरताय?" अध्यक्षांशेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"ती आता कुठे असते?" ताईने विचारलं. मावशींनी बाईंकडे पाहिलं.

खारूताईने बोट थांबवलं. मान कलती करून ती काहीतरी ऐकत राहिली. मग फ्रॉक आवरून वीतभर सरकली. तिच्या आणि कोपऱ्याच्या मध्ये एका लहान मुलीपुरती जागा झाली. आजवर खारूताईने कोणालाही, अगदी आईलाही, शेजारी बसू दिलं नव्हतं.

खारूताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. खोबणीच्या कोपऱ्याकडच्या टोकातून मात्र हिरवी भुकटी थोडी थोडी खाली पडत राहिली.

"पुरे झालं," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. त्यांचं लक्ष भिंतीकडे नव्हतंच. "मुलीला बाहेर काढा आणि खोली बंद करा."

बाईंचं लक्ष होतं. त्या पुढे झाल्या. त्यांचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"बाई," मावशी म्हणाल्या, "या वेळी नको."

बाईंनी पायातल्या चपला काढल्या. दार लागू नये म्हणून त्याला पाठ टेकवून त्या फरशीवर बसल्या.

"तास अजून व्हायचाय, सर," त्या म्हणाल्या. "हळू बोला. दोघींना त्रास होईल."