निम्मी बाटली

सोयाबीनच्या काढणीत बायको प्रतीक्षा भोवळ येऊन शेतातच बसली, तेव्हा विजयकुमार मनातून ओशाळला. अंगात त्राण नाही, खाल्लेलं पचत नाही, असं ती पोळ्यापासून सांगत होती आणि तो दर वेळी "काढणी होऊ दे, मग बघू" म्हणत होता.

त्याच दिवशी गाडीवर बसवून त्यानं तिला जवळा बाजार गावच्या दवाखान्यात नेलं. लिव्हर कमजोर झालंय म्हणून डॉक्टरांनी महिनाभराचं टॉनिक लिहून दिलं. मेडिकलमधून आणलेली ती भली मोठी बाटली स्वतःच्या हातानं फळीवर ठेवली, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला बरं वाटलं.

महिना उलटला, तरी तिचा चेहरा उतरलेलाच. एका संध्याकाळी जेवण उरकून त्यानं बाटली दिव्यासमोर धरली. ती अजून निम्मी भरलेली होती.

"काहून घेत न्हाईस औषध?" तो भडकला. "मी एवढी धावपळ करून आणलं, अन् तुला दोन चमचे घ्यायला जमत न्हाई?"

सासऱ्यांचं ताट उचलता उचलता प्रतीक्षा थांबली. तिनं चोरी पकडली गेल्यागत मान खाली घातली.

"दुपारचं एक दिवस चुकवलं न्हाई हो. पण दोन्ही वेळा जेवल्यावरच घ्या म्हणून लिहिलंय त्याच्यावर. अन् संध्याकाळी तुमचं सगळ्यांचं होईस्तोर टोपलीत भाकर उरतच न्हाई."



तोंडाशी आलेला ढेकर विजयकुमारनं तसाच गिळला.