पदकाची पाठ

आई मेणात दागिने कोरायची, मुलगा ते सोन्यात ओतायचा आणि सून पॉलिश करायची. कोरलेल्या मेणाभोवती प्लास्टर ओतून भट्टीत तापवलं की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत सोनं भरतात. मेणावर जे असेल ते सोन्यावर जसंच्या तसं उमटतं. म्हातारीचं बोटही उमटायचं. त्यावरून मुलगा रोज तिच्यावर खेकसायचा, "किती वेळा सांगू, मेणाला बोट लावू नकोस! तुझे ठसे घासत जन्म काढायचा का आम्ही?" सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी ठसा हजर.

आई गेली. महिन्याभराने तिच्या डबीत मेणाचं एक पदक सापडलं. त्याने ते ओतलं, प्लास्टर फोडलं, पदक धुऊन भिंगाखाली धरलं. पदकाच्या पाठीवर आईचा अंगठा होता, रेघन् रेघ. त्याने त्यावर हळूच आपला अंगठा टेकवला. मग पदक टेबलावर ठेवून तो बहिणीला फोन करायला बाहेर गेला. "ताई, असशील तशी ये," एवढंच त्याला बोलता आलं.

परत आला तेव्हा पॉलिशची मोटर नुकतीच थांबत होती. बायकोने पदक कापडाने पुसून त्याच्या तळहातावर ठेवलं. पाठ आरशासारखी लखलखत होती.

"आईंनी यालाही बोट लावलं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही चिडायच्या आत मीच घासून टाकलं. निदान गेल्यावर तरी त्यांना बोलणी नकोत."